जगदाळे सिस्टरचं मैदान

जगदाळे सिस्टरकडे मोपेड शिकायला गेलेल्या बाईला पहिल्या दिवशी मोपेडवर बसायला मिळत नसे. सिस्टर आपली रंग उडालेली हिरवी गाडी स्वतःच्या हातानं गवतावर आडवी टाकत आणि म्हणत, "उचल." बाई इकडेतिकडे बघे. कुणी मदतीला येतंय का, हे थट्टेत चाललंय का, याचा अंदाज घेई. सिस्टर पदर खोचून, हाताची घडी घालून उभ्या. मग बाई वाकून हँडल धरी, ओढी, गाडी अर्धी वर येई आणि पुन्हा धप्पकन खाली बसे. "कमरेनं नको, गुडघ्यात वाक. पेशंट उचलतो तसं." आम्ही कुठे पेशंट उचलले होते! पण सिस्टरना वाटे की जगातल्या सगळ्या बायकांनी तेवढं तरी केलेलं असतंच.

मलाही त्यांनी असंच उचलायला लावलं. तिसऱ्या खेपेला गाडी उभी राहिली तेव्हा मी घामाघूम झाले होते आणि कौतुकाची वाट बघत होते. सिस्टर म्हणाल्या, "आता परत आडवी कर आणि परत उचल. पहिल्यांदा रागानं उचललीस. रागानं एकदाच जमतं."

ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची. माझे यजमान केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या खात्यात होते आणि आमची बदली चंदीगडला झाली होती. बदलीचा हुकूम आला तेव्हा नाशिकला माझ्या माहेरी अक्षरशः सुतक आल्यासारखं वातावरण होतं. पंजाबातल्या बातम्या रोज पेपरात येत. आईनं जाताना मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. बसमध्ये बेवारस डब्याला हात लावायचा नाही आणि कुणाशी फार बोलायचं नाही. पहिली मी पाळली.

चंदीगडला येऊन बघते तर रुंद रस्ते, झाडं, चौकाचौकात फुलं, आणि त्या फुलांच्या मागे वाळूच्या पोत्यांआड बंदूक घेतलेले शिपाई. बाजार संध्याकाळी लवकर मिटे. सेक्टरांना नंबर होते, ओळखी नव्हत्या. मराठी घरं तशी बरीच. कुणी हॉस्पिटलात डॉक्टर, कुणी युनिव्हर्सिटीत, आणि आमच्यासारखी बदलीवाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्याजणी जमल्या तेव्हा ओळखी अशा चालल्या होत्या: "या मिसेस कुलकर्णी, टेलिफोन्स." "या मिसेस देशमुख, विमा." माझी पाळी आल्यावर मीही म्हटलं, "मिसेस भालेराव, ऑडिट."

कोपऱ्यात पांढऱ्या सुती साडीतल्या, पन्नाशीला टेकलेल्या एक उंच बाई तिळाच्या वड्या दाताखाली कडाकडा फोडत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "ऑडिट तू करतीस का?"

"नाही, हे करतात."

"मग तुझं नाव सांग की."

"सुनंदा."

"काय येतं तुला?"

मला कळेना. "म्हणजे?"

"पोहायला येतं, गायला येतं, इंजेक्शन देता येतं, काय येतं?"

"विशेष असं काही नाही," मी म्हटलं. नम्रपणा म्हणून आम्ही असंच म्हणतो. समोरच्यानं मग 'असं कसं, असं कसं' म्हणायचं असतं. सिस्टर म्हणाल्या, "बरं. रविवारी मैदानावर ये मग."

मालन जगदाळे त्यांचं नाव. कराडजवळच्या एका खेड्यातल्या. नर्सिंग शिकून मुंबईला, तिथून चंदीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात आल्या आणि नर्सेसना शिकवणाऱ्या सिस्टर ट्यूटर झाल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची सोय नव्हती. एकीनं विचारलं तेव्हा "राहिलं" एवढंच म्हणाल्या, कपाटावरची धूळ पुसायची राहिली असावी तसं. हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहत. बोलणं निम्मं कराडचं, निम्मं वॉर्डातलं. हिंदी फर्डं बोलत आणि पंजाबी चुकीचं, पण न घाबरता.

मैदान म्हणजे आमच्या सेक्टरच्या कडेला शाळेसाठी राखून ठेवलेला मोकळा प्लॉट. शाळा काही उभी राहिली नव्हती. एका बाजूला स्टेशनकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या बाजूला क्वार्टर्सच्या मागच्या भिंती. रविवारी दुपारी जेवणं आटोपून पुरुषमंडळी आडवी झाली की सिस्टर तिथे हजर. डोक्यावर पदर, पायात कापडी बूट.

मोपेडचं हे वेड एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. पण त्या दिवसांत स्कूटरवर मागे माणूस बसवायला बंदी आली होती. मारेकरी जोडीनं स्कूटरवरून येत, म्हणून. बायकांना त्यातून सूट आहे की नाही, यावर रोज नवी बातमी असे. एका चौकातला शिपाई सोडी, पुढच्या चौकातला उतरवी. आमच्या आयुष्याचा निम्मा प्रवास नवऱ्याच्या पाठीमागे एका अंगानं बसून झालेला. आता त्या जागेवरूनच आम्हाला खाली उतरवलं होतं. बसचा भरवसा नाही, रिक्षा संध्याकाळी मिळत नाहीत. भाजी, शाळा, दवाखाना, सगळं 'हे आले की बघू' वर येऊन थांबलं. सिस्टर म्हणत, "सरकारनं आयुष्यात एकदा बायकांचं भलं केलं. मागची सीटच काढून घेतली."

शिकवण्याची त्यांची एक अट होती. गाडी चालवता यायला लागली म्हणजे शिक्षण संपलं असं नाही. तुम्ही दुसरीला शिकवली, आणि ती स्टेशनच्या रस्त्यावरून एकटी जाऊन परत आली, की तुमचं संपलं. ही अट मला जाचक वाटे. मला स्वतःला वळताना अजून धडकी भरत होती आणि त्यांनी विम्याच्या देशमुखांची वसुधा माझ्या गळ्यात मारली. "मलाच धड येत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर," सिस्टर म्हणाल्या. "तुला भीती कुठं वाटते ते तुला अजून आठवतंय. मला आठवत नाही आता."

वसुधा अकोल्याची. पंचविशीतली, बारीक चणीची, बोलायला लागली की थांबत नसे. तिला मी शिकवलं आणि तिनं तिच्या वरच्या मजल्यावरच्या हरभजन कौरना. या आमच्यात सगळ्यात मोठ्या, नातवंडं असलेल्या. चौऱ्याऐंशीच्या दंगलींनंतर त्यांच्या घराचं दार शेजारपाजाऱ्यांना फारसं उघडत नसे. आणि शेजारीही वाजवत नसत. सिस्टरनी एका दुपारी ते वाजवलं. रक्तदाब तपासायच्या निमित्तानं आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा हरभजनआंटी मागोमाग सलवार वर खोचत येत होत्या. मैदानावर प्रत्येक वळणाला त्या 'वाहेगुरू' म्हणून इतक्या मोठ्यानं ओरडत की क्वार्टर्सच्या खिडक्या उघडत. पडल्या मात्र कधी नाहीत. "मैं नहीं डिगणा," त्या आम्हाला दटावत, आम्हीच त्यांना ढकलणार असल्यासारख्या.

सिस्टरचा एक दोष सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आलं. त्यांना चूक दिसली की ती तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगितल्याशिवाय राहवत नसे. जन्म विद्यार्थिनींच्या चुका काढण्यात गेलेला. गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण चालू असताना "तीन वेळा तेच बोललात" असं म्हणाल्या होत्या. कुणाच्या मांडीवरचं मूल चुकीचं धरलेलं दिसलं की सरळ काढून घेत. बाळंतिणीच्या सासूला तिच्याच घरी "तुम्ही बाजूला व्हा" म्हणाल्या होत्या. लोक दुखावत. सिस्टरना ते कळतच नसे. चूक सांगितली, आता माणसाला बरं वाटेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत.

हॉस्पिटलच्या वाटेवरच्या नाक्यावर एकदा एका शिपायानं त्यांना थांबवलं. मी माझ्या गाडीवर मागेच होते. तो डिकी बघायला लागला आणि सिस्टर त्याच्या हाताकडे. अंगठ्याला कळकट रुमाल गुंडाळलेला.

"ये क्या बाँधा है?"

"कुछ नहीं जी, कट गया था। आप डिक्की खोलो।"

"पहले तुम ये खोलो।"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनी पिशवीतून कापूस काढला, त्याला पोत्यांवर बसवलं, जखम धुतली, बांधली आणि वर "बंदूक साफ रखता है, हाथ नहीं रखता?" म्हणून झापलं. मागे गाड्यांची रांग. डिकी तशीच राहिली. त्यानंतर तो शिपाई दुरून सिस्टर दिसल्या की हात वर करून अंगठा दाखवायचा, आणि त्या मान डोलावल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत.

वसुधा त्या वर्षी बी.एड. करत होती. हे तिचं पहिलं शिक्षण नव्हे, आणि हेच तिचं दुखणं होतं. लग्नानंतर भोपाळला एम.ए.ला नाव घातलं, पहिलं वर्ष झालं आणि बदली. गुवाहाटीला शिवणाचा डिप्लोमा धरला, तोही बदलीत गेला. बदलीच्या नोकरीतल्या बायकांच्या ट्रंकेत जसे अर्धे स्वेटर असतात तशी हिची अर्धी शिक्षणं. चंदीगडला मात्र तिनं जिद्द धरली होती. सराव पाठ घ्यायला तिला शहराच्या कडेच्या जुन्या वस्तीत, मनीमाजऱ्याच्या एका शाळेत जावं लागे. मोपेड शिकण्याची तिला घाई होती ती त्यासाठी. शेवटचा परीक्षा पाठ आणि लेखी पेपर राहिले असताना देशमुखांची नागपूरला बदली झाली.

त्या काळात पंजाबातून नागपूर म्हणजे लॉटरी. लोक पेढे मागायला आले. देशमुख वाईट माणूस मुळीच नव्हता. त्याच्या ऑफिसातला एकजण बसमधल्या गोळीबारात गेला होता आणि तेव्हापासून त्याला झोप लागत नसे. बायकोमुलीला घेऊन एकदाचं इथून निघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. "बी.एड. काय, नागपूरलाही होते," तो म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

वसुधा रविवारी मैदानावर आली ती रडतच. "सगळं अर्धंच करून राहिली मी, सिस्टर. तिथं गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि मग तिथूनही बदली."

"रडून घे," सिस्टर म्हणाल्या. वसुधा रडली. मग सिस्टरनी विचारलं, "किती राहिलंय?"

"दोन महिने."

"माझ्याकडं खाट एक हाय. मी खाली झोपते, मला सवय हाय. मुलीचं काय करणार ते तुझं तू बघ."

"तुम्ही सांगा ना, राहू का जाऊ?"

"मी न्हाई सांगणार. मी सांगितलं तर उद्या काही झालं की तुझा नवरा मला धरील, आणि तूही धरशील. खाट हाय, एवढं सांगितलं."

वसुधानं आठ दिवस काही केलं नाही. घरी काय बोलणी झाली ती आम्हाला कळली नाहीत. त्यांचं घर आमच्या शेजारीच, भिंतीपलीकडून नुसता देशमुखाचा आवाज चढलेला ऐकू यायचा. शेवटी देशमुख चार वर्षांच्या मुलीला घेऊन निघाला, तिला अकोल्याला आजीकडे सोडून तो नागपूरला हजर होणार होता. स्टेशनवर मुलगी आईच्या गळ्यातून सुटेना. तिला ओढून काढावी लागली. मी पाहिलं ते आणि मला सिस्टरचा राग आला. कशासाठी हे सगळं, असं वाटलं.

सिस्टरकडे ती दोन महिने राहिली. दोघींचं पटायचं असं नाही. सिस्टर तिच्या पोळ्यांना नावं ठेवत, ती सिस्टरच्या ठेच्याला. पाठाची तयारी सिस्टरसमोर करायची तिची टाप नव्हती. "एक वाक्य पुरं करू देत नाहीत, वहिनी," ती माझ्याकडे येऊन कुरकुरे. म्हणून ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला शिकवी. परीक्षा पाठाला तिनं विषय घेतला होता हृदय. सातवीचा वर्ग, हिंदी माध्यम. भला मोठा तक्ता आम्ही दोघींनी माझ्या जेवणाच्या टेबलावर रंगवला. अर्धं हृदय लाल, अर्धं निळं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कळलं की दुसऱ्या दिवशी बंद आहे. कुठेतरी काहीतरी झालं होतं. तेव्हा कुठेतरी काहीतरी होतच असे. नागपूरहून देशमुखाचा शेजाऱ्यांकडे फोन आला, घराबाहेर पाऊल टाकू नकोस म्हणून. वसुधानं कॉलेजात विचारलं तर लुधियान्याहून आलेल्या परीक्षक बाई एक दिवस आधीच पोचल्या होत्या, पाठ ठरल्याप्रमाणे होणार होते. चुकला तर पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला वसुधा नागपुरात असणार होती.

सकाळी सिस्टर आणि वसुधा निघाल्या, त्यांच्यामागे मी आणि हरभजनआंटी. एकीच्या मागे दुसरीनं बसायची बंदी, त्यामुळे सोबत जायचं तर प्रत्येकीला आपली गाडी काढणं भाग. वसुधानं माझ्या शेजारणीची मागून आणलेली, आंटींनी सुनेची. रिकाम्या रस्त्यावरून चार मोपेड, पुढच्या गाडीला तक्त्याची सुरळी बांधलेली. नाक्यावरचा शिपाई बघतच राहिला. "बारात कहाँ जा रही है?" त्यानं विचारलं. आंटी म्हणाल्या, "स्कूल."

शाळेत पोचलो तर परीक्षक बाई हजर, मुख्याध्यापिका हजर, आणि वर्ग रिकामा. बंदच्या दिवशी पोरांना कोण पाठवतंय? परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, गंभीर. म्हणाल्या, "बेटा, मैं क्या देखूँ? क्लास तो होनी चाहिए।" वसुधा हातात तक्ता घेऊन उभी. तिचा चेहरा इतका कोरा झाला होता की मला वाटलं, ही आता खाली बसेल.

सिस्टरनी घड्याळ पाहिलं. "आधा घंटा दीजिए, मैडमजी।"

मनीमाजऱ्याच्या जुन्या किल्ल्यामागच्या गल्ल्यांत आम्ही दारं वाजवत फिरलो. सिस्टर पुढे. "कौन सी क्लास में है? सातवीं? भेजो." बायका घाबरून दार अर्धं उघडत. "आज के दिन? ना जी, बच्चे को अकेले नहीं भेजणा." सिस्टर म्हणाल्या, "अकेले कौन बोला? आप भी चलो. पास बैठ जाना." हे त्यांना तिथल्या तिथे सुचलं असावं. हरभजनआंटी पंजाबीत हमी घेत होत्या, "मेरी कुड़ी दा इम्तिहान है." आणि बायका निघाल्या. कुणी कणकेचे हात पुसत, कुणी धाकटं कडेवर घेऊन. मुलांपेक्षा आयाच जास्त झाल्या. परीक्षक बाईंनी भरलेला वर्ग पाहिला आणि त्या म्हणाल्या, "ठीक है। मुझे पढ़ाना देखना है।"

बाकांवर जागा उरली होती तिथे आम्ही बसलो. माझ्या एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला कमलेश नावाची एक तरुण आई, तिचा मुलगा पुढच्या बाकावर.

वसुधाचा आवाज सुरुवातीला कापत होता. मग लागला. आपल्या मुठीएवढं हृदय असतं म्हणाली आणि सगळ्या वर्गानं मुठी वळून पाहिल्या, आयांनीसुद्धा. तिनं तक्ता लावला, फळ्यावर आकृती काढली आणि नावं लिहू लागली. फळ्याच्या उजव्या हाताला, जिथे लाल रक्ताची बाजू होती, तिथे तिनं लिहिलं, 'दायाँ'.

माझ्या काही लक्षात आलं नाही. पण शेजारी सिस्टर ताठ झाल्या. आकृतीतलं हृदय आपल्याकडे तोंड करून असतं, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. वसुधाला हे पाठ होतं, माझ्या ओट्याला तिनं ते अनेकदा समजावलं होतं. आता घाईत उलटं लिहून बसली आणि तसंच पुढे शिकवू लागली. परीक्षक बाईंनी पेन उचललं.

सिस्टरनी बाकाची कड धरली होती. बोटं पांढरी पडली होती. मी मनात म्हटलं, संपलं. आता या उभ्या राहून म्हणणार, 'चुकलं!' आणि वसुधाचं काही खरं नाही. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला आणि शाळेतली पोरं करतात तसं एक बोट वर केलं.

"मैडमजी, एक सवाल है।"

वसुधा थबकली. "जी... पूछिए।"

"ये दायाँ-बायाँ देखने वाले का है, या जिसका दिल है उसका?"

सिस्टर इतक्या हळू आवाजात बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. वसुधानं फळ्याकडे पाहिलं. तिच्या मानेवर लाली चढलेली मला मागच्या बाकावरून दिसली. ती वळली तेव्हा मात्र हसत होती. "बहुत अच्छा सवाल है," ती म्हणाली. कमलेशच्या मुलाला तिनं पुढे बोलावलं, वर्गाकडे तोंड करून उभं केलं, आणि डावा हात वर करायला सांगितला. मग वर्गाला म्हणाली, "आप भी अपना बायाँ हाथ उठाइए।" एकच गोंधळ. आया एकमेकींचे हात धरून खाली ओढताहेत, 'ओए, ये तो सज्जा है', हा तर उजवा, म्हणून हसताहेत. त्या गलक्यात वसुधानं डस्टर घेऊन फळ्यावरचं पुसलं, नीट लिहिलं, आणि तिथून पुढे तिला कुणी थांबवू शकलं नसतं. बंद, नागपूर, बदली, सगळं विसरून ती शिकवत होती. पाठाची वेळ संपल्यावरसुद्धा परीक्षक बाईंनी तिला थांबवलं नाही.

निघताना परीक्षक बाई सिस्टरपाशी आल्या. "सवाल आपने पूछा था? क्या करती हैं आप?"

"जी, यहीं मनीमाजरे में रहती हूँ। घर का काम," सिस्टर म्हणाल्या.

त्यांना खोटं बोलताना मी ऐकलं ते तेवढंच.

बाहेर गाड्यांपाशी मी विचारलं, "तुम्हाला गप्प कसं बसवलं हो?"

"पोट दुखायला लागलं माझं," त्या म्हणाल्या. "पण मी दुरुस्त केलं असतं तर ते माझं झालं असतं. तिचं व्हायला पाहिजे होतं." तुम्ही सगळ्या स्वतः चालवत आलात का, असं कमलेशनं विचारलं. गाडीला किक मारता मारता सिस्टर तिला म्हणाल्या, "संडे को मैदान में आ जाना।"

वसुधा पहिल्या वर्गात पास झाली. पेपर संपले त्याच आठवड्यात ती नागपूरला गेली, पुढे तिथल्याच एका शाळेत लागली आणि देशमुखाची पुढची बदली झाली तेव्हा तो एकटा गेला. ते दोघं अजून त्यावरून भांडतात, पण हसत हसत.

आमची बदली त्यानंतर वर्षानं झाली. तोवर बरीच मराठी घरं रिकामी झाली होती. बदल्या मागून, वशिले लावून, जमेल तसे लोक निघून गेले होते. सिस्टरना निरोप द्यायला गेले तर त्यांनी चहा केला, माझ्या मुलाचे टॉन्सिल्स बघितले आणि गाडी कितीची म्हणून विचारलं. मी वेळ सांगितली. "मी काय येत न्हाई स्टेशनवर," त्या म्हणाल्या. "ड्यूटी हाय." मी त्यांना वाकून नमस्कार केला तर "कमरेनं नको" एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी आमची टॅक्सी स्टेशनच्या रस्त्याला लागली. रविवार नव्हता, तरी मैदानाच्या कडेला सिस्टर उभ्या होत्या, रस्त्याकडे पाठ करून. समोरून हिरव्या मोपेडवर, वर्षभर आज-उद्या करून नुकतीच शिकायला लागलेली कमलेश येत होती, ओठ घट्ट दाबून, नजर चाकावर. तिला रस्ता ओलांडायचा होता. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. मागे न बघता सिस्टरनी तळहात वर केला. टॅक्सी थांबली.

मी काच खाली केली, हाक मारणार होते. यांनी माझ्या हातावर हात ठेवला. कमलेश आमच्या समोरून डुगडुगत गेली, पलीकडे पोचली, तिथे पाय टेकून थांबली आणि मोठ्यानं हसली. सिस्टरनी हात खाली केला, मग जा म्हणून हलवला. वळून पाहिलं नाही. गाडीची वेळ मीच त्यांना सांगितली होती आणि स्टेशनला जाणारा रस्ता तो एकच होता. टॅक्सी पुढे निघाली, आणि मागच्या काचेतून दिसलं की त्या अजून तशाच पाठमोऱ्या उभ्या आहेत आणि पदरानं तोंड पुसताहेत.